तिसऱ्या गाण्यातले चार ठोके

'हावू' या बँडचा ड्रमवाला मी होतो. मला कुणी काढलं नाही. मी आपल्या पायांनी उठलो, काठ्या पिशवीत घातल्या आणि घरी गेलो. उजुंगबेरुंगमध्ये, म्हणजे आमच्या गावात, आजही कुणाला विचारलंत तर तो हेच सांगेल, की तातांग मोठ्या मनाचा माणूस, त्याने आपणहून जागा सोडली. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मन-बिन काही मोठं नव्हतं. मला फसवलं होतं, आणि फसवणारा माझ्याच गल्लीतला होता.

हावू म्हणजे चूल. नाव मीच ठेवलं. मी आणि गुमिलार एका गल्लीत वाढलो, शाळेत एका बाकावर बसलो आणि अठराव्या वर्षी दोघांनी मिळून हा उद्योग मांडला. गिटार त्याची, ड्रम माझे. गायला ओपिक आला. त्याचं गाणं म्हणजे विहिरीत पडलेला रेडा रेकतोय असं, आणि आम्हाला तेच हवं होतं. बेसवर दिकदिक होता, तो वर्षातून चार वाक्यं बोलायचा. आमचं संगीत डेथ मेटल, पण ग्राइंडच्या वेगाचं. म्हणजे हात आणि पाय एकाच वेळी इतके भरभर चालवायचे की ऐकणाऱ्याला ठोके मोजता येऊ नयेत, नुसती भिंत अंगावर आल्यासारखी वाटावी. गाणं दीड-पावणेदोन मिनिटांत संपतं, कारण त्यापुढे वाजवणारा टिकत नाही.

शहरातल्या एका मासिकवाल्याने लिहिलं होतं की सूतगिरणीतल्या यंत्रांनी या पोरांना वेग शिकवला. काहीतरीच. गिरणीत मी सुताच्या बॉबिनी खोक्यात भरतो, आणि त्याच्याइतकं संथ काम जगात दुसरं नसेल. ताल मला अबाहने शिकवला. अबाह म्हणजे माझे वडील, ते बेंजांगच्या फडात डफ वाजवायचे. बेंजांग ही आमच्याकडची कुस्ती, ती डफावरच चालते, ताल चढला की पैलवान चढतो. सातव्या वर्षापासून मी अबाहच्या मांडीला मांडी लावून वाजवत आलो. ड्रमच्या मागची ती जागा मला कुणी दिली नव्हती, ती माझी होती, आणि दुसरी कुठलीच जागा मला माझी वाटत नव्हती.

शहाण्णव साली आमची पहिली कॅसेट आली. नाव 'लेबु', म्हणजे राख. अकरा गाणी, एकोणीस मिनिटं. "चुलीतून दुसरं काय निघणार," असं ओपिकची बायको म्हणाली. कॅसेट आली त्या दुपारी बाजारातल्या उकारच्या कॅसेटच्या टपरीसमोर चाळीसेक पोरं जमली. काळे टी-शर्ट, हातात तळलेला चिरेंग, तोंडात सिगरेट. कांग उकार, म्हणजे उकारदादा, आमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, त्याला स्वतःला जुनी रडकी गाणी आवडायची, पण कर्णा त्याचाच मोठा होता. त्याने कॅसेट लावली आणि पहिल्याच गाण्याला शेजारच्या कोंबडीवाल्याने दुकानाचा पडदा ओढून घेतला.

एकोणीस मिनिटांनी कॅसेट थांबली तेव्हा सगळे म्हणाले, "आलुस." आलुस म्हणजे छान. चाळीस तोंडांतून चाळीस वेळा आलुस. आमच्याकडे तोंडावर हेच म्हणतात. जेवण खारट झालं तरी आलुस आणि नवरी तिरळी असली तरी आलुस. एकटे अबाह खरं बोलले, तेही घरी, चहा पिता पिता.

"ताल चांगला आहे," ते म्हणाले. "पण अकरा वेळा पैलवान एकमेकांना भिडले आणि एकदाही कुणी पडला नाही. पडतात कधी?"

"यात कुणी पडत नाही, अबाह."

"मग लोक घरी कसे जातात?"

लोक तोंडावर खरं बोलत नाहीत म्हणूनच तेह इमासने बिस्किटांचा डबा ठेवला होता. इमासताईचं कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान. ती दर दोन महिन्यांनी 'गोरोवोक' नावाचं पत्रक काढायची, टाइप करायचं, कात्रीने कापायचं, डिंकाने चिकटवायचं आणि आपल्याच यंत्रावर छापायचं. त्यात एक पान ऐकणाऱ्यांच्या मतांचं असे. कुठलीही नवी कॅसेट आली की लोक चिठ्ठी लिहून त्या डब्यात टाकत, खाली स्वतःचं नाव नाही, काहीतरी भयंकर टोपणनाव. टोपणनावाच्या आड सगळे शूर. त्या पानाला आमच्याकडे वजन होतं. शहरातल्या मासिकाने डोक्यावर घेतलं तरी आम्ही खांदे उडवायचो, पण डबा काय म्हणतो ते कळेपर्यंत झोप लागत नसे.

'लेबु'वरचं पान आलं. नऊ मतं होती. मी ते गिरणीच्या फाटकाशी उभा राहून वाचलं.

"गिटार करवतीसारखी, गाणारा सैतानाचा मामा. ड्रमवाला मात्र मागून धापा टाकत येतो. — गंजलेला विळा." "याला वेग म्हणायचं तर आमच्या आजोबांची बैलगाडी ग्राइंड आहे. बाकीचे तिघे उत्तम. — पू." "तिसऱ्या गाण्यात मध्येच एक हात गायब. चार ठोके एका हाताचे. झोप लागली होती का? — थडग्यावरचं गवत." "ड्रमवाला बदलला तर ही पोरं परदेशात वाजवतील. नाही बदलला तर लग्नात. — सडका दात."

नवांपैकी सात मतं माझ्यावर होती. आणि थडग्यावरच्या गवताने लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. तिसरं गाणं ध्वनिमुद्रित करताना माझी उजवी काठी मोडली होती, अर्धी उडून ओपिकच्या कपाळाला लागली, मी दुसरी काठी पिशवीतून काढेपर्यंत चार ठोके डाव्या हाताने रेटले होते. मला वाटलं होतं कुणाच्या लक्षात येणार नाही. लोकांचे कान इतके तिखट असतील तर बाकीचं जे लिहिलंय तेही खरंच असणार. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्या रविवारी सरावाला गेलो आणि बसलोच नाही. म्हणालो, "लोकांचं मत स्पष्ट आहे. माझ्यामुळे तुम्ही अडकू नका."

ओपिक चिडला. "नऊ चिठ्ठ्यांचं काय घेऊन बसलास? वाजव गपचूप."

दिकदिकने वर्षाचं एक वाक्य खर्च केलं. "जाऊ नको."

गुमिलारने गिटार खाली ठेवली, तो माझ्याजवळ आला आणि मला घट्ट मिठी मारली. त्याचे डोळे भरले होते. "तुझ्यासारखा मित्र मिळायला भाग्य लागतं, तांग," तो म्हणाला. मीही रडलो. दोन आठवड्यांत शहरातला एक नवा पोरगा माझ्या जागी बसला. हात छान होता त्याचा, फार जलद.

पुढचे आठ महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. बँड गेला त्याचं दुःख एक वेळ गिळलं असतं. पण बाजारात काळा टी-शर्ट दिसला की मी त्याचा चेहरा न्याहाळायचो. हाच तर गंजलेला विळा नसेल? चिरेंगवाल्याचा भाऊ माझ्याकडे बघून हसला, तो सडका दात असणार. ज्या पोरांबरोबर मी पावसात पत्र्याखाली बसून कॅसेटी बदलल्या, त्यांच्यातल्या सात जणांनी माझी लाज काढली होती आणि ते सात कोण हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी सगळ्यांनाच टाकलं. कार्यक्रमांना जाणं बंद केलं. कांग उकारवर तर माझा पक्का संशय. कॅसेट त्याने दिवसातून दहा वेळा लावलेली, चार ठोके त्याच्याखेरीज कोण मोजणार? त्याची टपरी चुकवायला मी मशिदीच्या मागून, गटाराच्या कडेने गिरणीत जायचो. एकदा तो समोरूनच आला, "तातांग, अरे" म्हणाला, आणि मी रस्ता ओलांडला.

'लेबु' मी ऐकलीच नाही त्यानंतर. माझ्याकडची कॅसेट मेहुण्याला देऊन टाकली, त्याने तिच्यावर कुराणाचं पठण भरून घेतलं.

मग मार्चमध्ये एका सकाळी पाळी संपवून वडापच्या गाडीत बसलो. ड्रायव्हरच्या शेजारची जागा मिळाली. त्याने कॅसेट आत ढकलली आणि पहिला ठोका पडला तसा मी दचकलो. माझाच हात होता तो.

"त्रास होत असेल तर सांगा, कांग," ड्रायव्हर म्हणाला. "बायका असल्या की लावत नाही. आपल्याच इथल्या पोरांची आहे."

"चालू दे."

"मला यातलं काही कळत नाही हां. पण चढावर ही लावली की गाडी बरी चढते."

उतरायचं मनात होतं, पण गाडी भरलेली, दाराकडे आणखी एक जण बसलेला. पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. तिसरं सुरू झालं आणि मी दात आवळून त्या जागेची वाट बघायला लागलो. ओपिकचं दुसरं रेकणं, मग गिटार एकटी, मग सगळे एकदम, आणि तिथे काठी मोडते. ती जागा आली आणि गेली. दोन्ही हात पडत होते. एकही ठोका कमी नव्हता.

"जरा मागे घेतोस का?" मी म्हणालो.

"काय?"

"कॅसेट. हे गाणं पुन्हा."

त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण घेतली मागे. पुन्हा तेच. दोन्ही हात, स्वच्छ, वेगात. आणि मग मला आठवलं. काठी मोडली ती पहिल्या दिवशी. ओपिकच्या कपाळाला टेंगूळ आलं म्हणून आम्ही हसत सुटलो आणि तिसरं गाणं दुसऱ्या दिवशी नव्याने वाजवलं. स्टुडिओत टेप जेमतेम होती म्हणून जुन्याच्या वरच नवं भरलं. वाजवणाऱ्याला जे हाताला झालं तेच लक्षात राहतं, छापून काय आलं ते राहत नाही. म्हणून आठ महिने मी ते चार ठोके कॅसेटवर आहेत असंच धरून चाललो होतो. ते कुठल्याच कॅसेटवर नव्हते. फक्त एका सोडून. पहिल्या दिवसाचं काम घरी ऐकायला म्हणून स्टुडिओवाल्याने एक कॅसेट भरून दिली होती, आणि ती गुमिलार घेऊन गेला होता.

मी तिथेच उतरलो आणि चालत कॉलेजसमोर गेलो.

"आलास का?" तेह इमास यंत्रातून कागद काढत म्हणाली. "मला वाटलं आमचं दुकान जळालं अशी बातमी कुणी तुला दिली असेल."

"तेह, 'लेबु'च्या चिठ्ठ्या ठेवल्यात का तुम्ही?"

"नवरा सोडून मी आजवर काहीच टाकलेलं नाही." तिने फळीवरून एक खोका उतरवला. आत दोन गठ्ठे होते. एक रबराने बांधलेला, नऊ चिठ्ठ्या, सगळ्या टाइप केलेल्या. दुसरा सुटा, नाना हस्ताक्षरांचा, तेलाच्या डागांचा.

"या टाइप कुणी केल्या?"

"गुमिलारने. चिचादासच्या बाजारातल्या स्टॉलवरही म्हणे कुणीतरी डबा ठेवला होता, तिथल्या चिठ्ठ्या पावसात भिजल्या, म्हणून त्याने टाइप करून आणल्या. माझं काम वाचवलं पोराने."

"आणि या दुसऱ्या?"

"या इथल्या डब्यातल्या. पान एकच होतं. तोच म्हणाला, तेह, इथल्या सगळ्या गोडगोड आहेत, छापल्या तर लोक म्हणतील बँडनेच लिहिल्या. कडक आहेत त्या छापा. मला पटलं." ती बोलता बोलता थांबली. माझ्या तोंडाकडे बघून तिच्या हातातला कागद खाली आला. "तातांग, काय झालं?"

मी कागदांच्या गठ्ठ्यावर बसलो आणि डब्यातल्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. तेवीस होत्या.

"बायकोने कॅसेट खिडकीतून फेकली. मी खाली जाऊन आणली. तिने परत फेकली. कॅसेटला काही झालं नाही. मजबूत माल." "अकरा गाणी आहेत की एकच गाणं अकरा वेळा थांबवलंय?" "शब्द एक कळला नाही, राग सगळा कळला." "दुसऱ्या बाजूला गिटार जरा बेसूर. कान साफ करा." "पाचव्या गाण्यात श्वास घ्यायला विसरलो. वहिनीने पाठीत धपाटा घातला." "कागदावर छापलेले शब्द वाचले. नदीच्या निळ्या पाण्याबद्दल लिहिलंय ते खरं आहे, पण ते इतक्या घाईत का सांगता?" ड्रमचं नाव पाच चिठ्ठ्यांत होतं. दोघांनी भयंकर म्हटलं होतं, कौतुकाने. एकाने नुसतं "ड्रम बरे" लिहिलं होतं. एकाला वेग अजून हवा होता. बस, इतकंच. कुणी मला डोक्यावर घेतलं नव्हतं आणि कुणी पायदळीही तुडवलं नव्हतं.

पाचवी चिठ्ठी मोठ्या, वाकड्या अक्षरात होती. टोपणनावाची रीत ज्याला कळलीच नव्हती अशा माणसाची. "मला हे संगीत समजत नाही. ड्रमवाल्याने जेवत जावं, फार वाळलाय. — उकार, कॅसेटवाला, बाजार."

ती वाचून मी तेह इमासच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर रडलो.

गुमिलार घरीच होता. ओट्यावर चटई टाकून नव्या कॅसेटची कव्हरं दुमडत बसला होता, दुसरा अल्बम, नवा ड्रमवाला. त्याची आई, तिला आम्ही दोघेही एमाच म्हणायचो, मला बघून इतकी हरखली की काय करू नि काय नको. मी लहानपणी अर्धं जेवण याच घरात जेवलेला.

"किती दिवसांनी रे, तांग. बस. शेंगा उकडल्यात."

"राहू दे, एमा."

"राहू दे कसं?" ती आत गेली. चहा आला, शेंगा आल्या, केळी आली. ती पुन्हा आत जाईपर्यंत आम्ही दोघेही सभ्य मुलांसारखे शेंगा सोलत बसलो.

"तिसऱ्या गाण्यातले चार ठोके कुणी ऐकले, गुम?" मी विचारलं.

त्याने कव्हर दुमडायचं थांबवलं नाही. पण घडी वाकडी पडली.

"कुठले चार ठोके?"

"थडग्यावरच्या गवताने ऐकले ते. ते छापलेल्या कॅसेटवर नाहीत. मी आज ऐकून आलो. दोनदा."

तो उठला, त्याने आतून टेप आणला, आणि कॅसेट आधीच त्यात होती. तिसरं गाणं त्याने लगेच काढलं, कुठे आहे ते हाताला पाठ असावं. काठी मोडल्याचा आवाज, ओपिकचं 'आई गं', चार ठोके, मग पुन्हा दोन्ही हात, आणि शेवटी आम्ही चौघं हसतोय.

"तू हीच ऐकतोस?"

"हीच. ती छापलेली मी एक-दोनदाच ऐकली. हीच चांगली आहे."

"म्हणून लिहिताना तुझ्या लक्षात आलं नाही."

"नाही आलं," तो म्हणाला.

इतकं साधं. मला वाटलं होतं नाकारेल, शपथा घेईल, आणि मग मला ओरडायला मिळेल.

"नऊच्या नऊ तूच?"

"हो."

"ओपिकला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"का, गुम?"

तो चटईकडे बघत होता. "तू मागे पडायला लागला होतास. फार नाही. पण आपल्याला जिथे जायचं होतं तिथे त्या वेगाने जाता आलं नसतं."

"मग सांगायचं."

"तुला? तोंडावर?" त्याने मान वर केली. मी जणू त्याला माझ्या वडिलांच्या कानाखाली मारायला सांगितलं होतं. "कसं सांगणार होतो मी, तांग? तुला वाईट वाटलं असतं."

आमच्या अकरा गाण्यांत एक सभ्य शब्द नाही. मंत्री, ठेकेदार, गिरणीमालक, नदीत रंग सोडणारे, सगळ्यांची आतडी काढून झालीत. ते शब्द निम्मे याने लिहिलेले. आणि या माणसाला एका चटईवर बसून मला पाच शब्द सांगता येईनात, म्हणून त्याने केसाने गळा कापला. आणि वर तो कापताना मला दुखू नये ही काळजी.

"सांगितलं असतंस तर मी सराव वाढवला असता," मी म्हणालो. "नाहीतर तुझ्याशी भांडलो असतो. नाहीतर निघून गेलो असतो. तिन्हीतलं काहीतरी माझ्या हातात असतं."

"माझं चुकलं."

"ऐक. आठ महिने मी गटाराच्या कडेने कामाला जातोय. बाजारातल्या एकेका पोराकडे बघून मनात शिव्या देतोय. उकार समोर आला तर मी रस्ता ओलांडला. त्या माणसाने काय लिहिलं होतं माहीत आहे? मी वाळलोय म्हणून लिहिलं होतं. तू मला बँडमधून नाही काढलंस. बँडमधून एक वेळ चाललं असतं. तू मला गावातून काढलंस."

हे मी हळू आवाजातच बोललो. आत एमा होती.

गुमिलारने नाक पुसलं. मग म्हणाला, "पण मी माफी मागितली होती."

"कधी?"

"लेबारानला."

मला क्षणभर काही कळेना, आणि मग सगळं आठवलं. महिनाच झाला होता. ईदच्या सकाळी नमाज झाली की आमच्याकडे सगळे सगळ्यांच्या घरी जातात आणि वर्षभरात जे जाणता-अजाणता चुकलं त्याची माफी मागतात. पोस्टमनही मागतो, भाऊही मागतो. काय चुकलं ते कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. त्या सकाळी पहिला गुमिलार आला होता, स्वतःच्या चुलत्याकडे जायच्याही आधी. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. डोळ्यांत पाणी. "जे काही केलं असेल ते माफ कर, तांग." मला भरून आलं होतं. सगळ्यांनी टाकलं पण हा एक तरी माझा राहिला, असं वाटलं होतं. मी अबाहसमोर, आईसमोर म्हणालो, "माफ. सगळं माफ." आणि हात छातीला लावले, कारण माफी मनापासून आहे हे तसंच दाखवतात. नंतर तो आमच्याकडे दोन ताटं जेवला.

"तू सांगितलं नव्हतंस कशाची ते."

"लेबारानला कुणीच सांगत नाही," गुमिलार म्हणाला. त्याच्या आवाजात खोट नव्हती. त्याला खरोखर वाटत होतं की तो विषय त्या सकाळी मिटला. महिनाभर तो शांत झोपत होता.

"मग ती परत दे."

"काय?"

"माफी. मी दिलेली. परत दे."

तो विचारात पडला. थट्टा करत नव्हता, खरंच विचार करत होता, शाळेत गणित अडलं की करायचा तसा. "दिलेली माफी परत कशी घेणार?" तो म्हणाला. मलाही ते माहीत नव्हतं. आमच्या सगळ्या रीतींत तेवढी एक रीत कुणी केलेलीच नाही.

"चहा आणू का अजून?" आतून एमाने विचारलं.

"नको, एमा. पुरे झाला," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मी उठलो. एमा दारात आली, हातात केळ्यांची पिशवी. "तुझ्या आईला दे. आणि येत जा रे. तू येत नाहीस तर हा दिवसभर तोंड उघडत नाही."

गुमिलारने दोन्ही हात पुढे केले. एमा बघत होती, म्हणून मी माझे हात त्याच्या हातांत दिले. बोटांना बोटं लागली. मग मी हात काढून घेतले आणि छातीला न लावता सरळ खाली सोडले. आमच्याकडे लहान पोरही असं करत नाही. एमाचं हसू तोंडावरच थिजलं. तिने माझ्याकडे नाही पाहिलं, मुलाकडे पाहिलं.

"काय केलंस तू याला?" तिने विचारलं.

मी चपला घालता घालता थांबलो. निदान हिला तरी तो तोंडावर सांगेल असं मला अजूनही वाटत होतं.

"काही नाही, एमा," गुमिलार म्हणाला.